यकिमा कनट: घोड्यांच्या टापांखालून दिग्दर्शनापर्यंत

प्रश्न दोन भागांत आहे. सिनेमाच्या सुरुवातीच्या काळात स्टंट करणारा एखादा माणूस पुढे नट आणि दिग्दर्शक झाला, तर त्याची कारकीर्द कशी घडली? आणि आज स्टंट करणाऱ्या मुलासाठी तो रस्ता उघडा आहे का? मी मुंबईत बरीच वर्षं फाइट मास्तरांच्या हाताखाली आणि नंतर स्वतंत्रपणे मारामाऱ्या बसवल्या आहेत, घोड्यांची दृश्यंही केली आहेत. त्यामुळे उत्तर देताना मी त्याच्या पुरस्कारांपेक्षा त्याच्या कामाकडे जास्त बघणार आहे.

पहिल्या भागासाठी माझ्या मनात एकच नाव येतं: अमेरिकेचा यकिमा कनट. हा माणूस घोडेस्वार होता, मूकपटांचा नायक होता, बोलपटांतला खलनायक होता, हॉलिवूडचे नायक जॉन वेन आणि क्लार्क गेबल यांचा डबल, म्हणजे धोक्याच्या दृश्यात त्यांच्या जागी उभा राहणारा होता, आणि शेवटी ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत उभी करणाऱ्यांपैकी एक होता. लोक त्याच्या धाडसाच्या गोष्टी सांगतात. धाडस त्याच्याकडे होतंच, पण धाडसी माणसं त्या काळात पुष्कळ होती आणि त्यांतली अनेक लवकर मेली किंवा अपंग झाली. कनट वेगळा ठरला तो धोक्याचं माप घेण्यामुळे. कॅमेरा कुठे आहे, घोडा किती वेगात आहे, चाकाचा आस जमिनीपासून किती वर आहे, हे तो आधी ठरवायचा आणि मग उडी मारायचा. हे सगळं ठरवणं म्हणजे दिग्दर्शनच. म्हणून माझं मत असं की तो दिग्दर्शक वयाच्या पन्नाशीला ‘झाला’ नाही. पडद्यावर नाव उशिरा आलं, काम आधीपासून चालू होतं.

त्याचं खरं नाव ईनॉस एडवर्ड कनट. जन्म २९ नोव्हेंबर १८९५, वॉशिंग्टन राज्यातल्या कोलफॅक्स गावाजवळच्या डोंगराळ भागात. घरी गुरं आणि घोडी. पोरवयातच तो न शिकवलेल्या घोड्यांवर बसायला लागला आणि सतराव्या वर्षाच्या आसपास रोडिओत उतरला. रोडिओ म्हणजे गुराख्यांच्या कौशल्याची स्पर्धा: उधळणाऱ्या घोड्यावर तग धरायचा, धावत्या घोड्यावरून झेप घेऊन गोऱ्ह्याची शिंगं धरायची आणि त्याला आडवं पाडायचं. १९१४ साली ऑरेगनमधल्या पेंडलटनच्या मोठ्या मेळ्यात एका वर्तमानपत्राने त्याला चुकून यकिमा गावचा ठरवलं. गाव चुकलं, नाव मात्र जन्मभर चिकटलं. त्याच पेंडलटनमध्ये त्याने १९१७, १९१९, १९२० आणि १९२३ अशी चार वर्षं सर्वांगीण विजेतेपद मिळवलं.

रोडिओने त्याला काय शिकवलं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. पडायचं हे तिथे ठरलेलंच असतं. प्रश्न असतो तो कधी, कुठल्या अंगावर आणि जनावरापासून किती दूर. पडताना डोळे उघडे ठेवणारा माणूस टिकतो. मी नव्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवायच्या आधी पडायला शिकवतो. कनटने हे शिक्षण प्रेक्षकांसमोर आणि पैजेच्या पैशांवर घेतलं होतं.

१९१८ साली पहिल्या महायुद्धात तो नौदलात गेला. तिथे त्याला फ्लू झाला आणि घशाला कायमची इजा झाली. त्या वेळी हे क्षुल्लक वाटलं असेल, पण त्याची सगळी कारकीर्द या घशाने वळवली. युद्ध संपल्यावर तो हॉलिवूडकडे सरकला. गुराखीपट जोरात होते आणि खरोखर घोड्यावर बसू शकणाऱ्या माणसांची गरज होती. विसाच्या दशकात तो लहान कंपन्यांच्या मूकपटांचा नायक झाला. १९२६ च्या ‘द डेव्हिल हॉर्स’मध्ये रेक्स नावाच्या प्रसिद्ध घोड्यासोबत त्याची प्रमुख भूमिका होती. मूकपटात त्याचा आवाज कोण ऐकणार होतं? तो देखणा होता, घोड्यावर राजासारखा दिसायचा आणि स्वतःचे स्टंट स्वतः करायचा. निर्मात्याला एका पगारात दोन माणसं मिळत होती.

मग बोलपट आले. दुखावलेल्या घशातून येणारा त्याचा सपाट, खरबरीत आवाज नायकाला शोभणारा नव्हता. वय पस्तिशीच्या आसपास. त्या लाटेत अनेक मूकपटांचे नायक बुडाले. कनटने जे केलं ते मला फार मोठं वाटतं: त्याने नायकपण सोडून दिलं आणि गुंडाची, लुटारूची, नायकाच्या हातचा मार खाणाऱ्याची कामं घेतली. त्यासोबत नायकाचा डबल म्हणून स्टंटही घेतले. काही चित्रपटांत तर तो खलनायकही असायचा आणि त्याचा पाठलाग करणाऱ्या नायकाचा डबलही. म्हणजे कनटच कनटच्या मागे धावायचा. कालपर्यंत पोस्टरवर चेहरा होता, आज पाठमोरं उभं राहायचं. मानी माणसाला हे जड जातं. आमच्याकडेही काम कमी झालेले नायक घरी बसलेले मी पाहिलेत, पण दुसऱ्याचा डबल व्हायला तयार झालेला एकही पाहिला नाही.

याच काळात त्याची गाठ जॉन वेनशी पडली. १९३२ च्या ‘द शॅडो ऑफ द ईगल’ या मालिकापटात, म्हणजे भागाभागांत दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटात, ते एकत्र आले आणि नंतर स्वस्तातल्या, थोड्या दिवसांत उरकायच्या अनेक गुराखीपटांत एकत्र राहिले. वेन तेव्हा नवखा होता. त्याची ती प्रसिद्ध सैल चाल आणि शब्द ओढत सावकाश बोलायची लकब त्याने बऱ्याच अंशी कनटकडे बघून उचलली. खरा गुराखी कसा उभा राहतो आणि चिडल्यावर आवाज चढवण्याऐवजी कसा उतरवतो, हे वेनला कनटमध्ये दिसलं. जगाला माहीत असलेला पडद्यावरचा काउबॉय पुष्कळसा या डबलचा आहे.

पण त्या दोघांनी दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरीसोबत केलेलं जास्त महत्त्वाचं काम मारामारीतलं आहे. त्याआधी पडद्यावरच्या मारामाऱ्या म्हणजे खांद्यावर, छातीवर खरेच ठोसे मारायचे आणि एकमेकांना मिठी मारून लोळायचं. दिसायला खोटं, लागायला खरं. या मंडळींनी कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे नेला. ठोसा जबड्याजवळून, काही इंच अंतर ठेवून, चेहऱ्यावरून आडवा निघून जातो. कॅमेऱ्याला खोली कळत नाही, त्यामुळे मधलं अंतर दिसत नाही. समोरच्याने नेमक्या त्या क्षणी मान झटकली की प्रेक्षकाला ठोसा बसलेला दिसतो. आज आमच्या प्रत्येक सेटवर हेच चालतं. मुलांना मी सांगतो की ठोसा मारणाऱ्याचा नसतो, खाणाऱ्याचा असतो. रिअॅक्शन आली नाही तर जगातला सर्वांत जोरदार हातही हवेत जातो. आणि कॅमेरा हातभर डावीकडे सरकला तर सगळं उघडं पडतं. म्हणूनच फाइट मास्तरला लेन्स कळावी लागते.

या शोधाची किंमत कळण्यासाठी आपल्याच सिनेमातली एक गोष्ट आठवावी. १९४२ साली मुंबईत एका चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवारांना थप्पड मारायची होती. ती खरीच आणि जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डाव्या डोळ्याला इजा झाली, उपचारांत वर्षं गेली. नायिका म्हणून बहरात आलेली कारकीर्द तिथे तुटली आणि पुढे त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या. त्यांनी त्या बारीक झालेल्या डोळ्याचाही अभिनयात उपयोग करून घेतला, हे त्यांचं मोठेपण. पण ते घडायला नको होतं. खरा मार म्हणजे खरा अभिनय अशी समजूत तेव्हा होती, आणि खेदाने सांगतो, काही दिग्दर्शकांच्या डोक्यात ती अजून आहे. ‘एकदा खरंच मारू दे ना’ असं कुणी म्हणालं की मी हीच गोष्ट सांगतो.

आता ‘स्टेजकोच’. १९३९, दिग्दर्शक जॉन फोर्ड. सहा घोड्यांची प्रवासी गाडी कोरड्या पडलेल्या तळ्याच्या सपाट जमिनीवरून चौखूर पळते आहे आणि हल्लेखोर मागे लागले आहेत. कनट इथे हल्लेखोराच्या वेषात आहे. तो आपल्या घोड्यावरून गाडीच्या पुढच्या जोडीवर झेप घेतो, गोळी लागते, घोड्यांच्या मधल्या लाकडी दांडीला लोंबकळतो, त्याची पाठ जमिनीवरून फरफटते. मग तो हात सोडतो. सहाही घोडी दोन्ही बाजूंनी आणि वरून अख्खी गाडी निघून जाते. शेवटी धुळीत तो अर्धवट उठून पुन्हा कोसळताना दिसतो, म्हणजे तो पुतळा नव्हता हे प्रेक्षकाला कळतं. त्याच पाठलागात वेनचा डबल म्हणून, चालकाच्या जागेवरून घोड्यांच्या एकेका जोडीवर उड्या घेत सर्वांत पुढच्या जोडीपर्यंत जाणाराही तोच आहे.

बघणाऱ्याला वाटतं की घोडी हळू पळाली असती तर धोका कमी झाला असता. कनटचा हिशोब उलटा होता. तो सांगायचा की घोडी पूर्ण वेगात हवीत, कारण पूर्ण वेगात ती सरळ रेषेत पळतात. हळू पळणारं घोडं इकडेतिकडे पाय टाकतं, बाजूच्या घोड्याला धक्का देतं, मधली जागा अरुंद करतं. वेगात ती जागा स्थिर राहते. दुसरी गोष्ट कोपरांची. हात सोडला की ते छातीशी घट्ट आवळायचे, नाहीतर पुढच्या चाकांचा आस कोपरं उडवून नेईल. ज्याने घोडागाडीसोबत काम केलंय त्याला या दोन सूचनांत सगळं शास्त्र दिसेल. घोड्याचा स्वभाव आणि गाडीचं माप, दोन्ही त्याने विचारात घेतलं होतं. आणि हे त्याने एकदम मोठ्या चित्रपटात केलं नाही. १९३७ च्या ‘रायडर्स ऑफ द डॉन’ या छोट्या चित्रपटात आधी करून बघितलं होतं. पुढे मालिकापटांतही पुन्हा केलं. मोठ्या चित्रपटात जे अचाट वाटतं ते आधी छोट्या चित्रपटांत घासलेलं असतं, हे लोक विसरतात.

या शॉटनंतरची एक गोष्ट हॉलिवूडमध्ये नेहमी सांगितली जाते. कॅमेऱ्यांत नीट आलं की नाही याची खात्री कुणाला देता येईना, तेव्हा कनट म्हणाला की पुन्हा करतो. फोर्डने साफ नकार दिला. मला या गोष्टीत दोघंही आवडतात. एकाला आपलं माप पक्कं माहीत होतं. दुसऱ्याला हे माहीत होतं की माप कितीही पक्कं असलं तरी माणसाला तिथे उगाच दुसऱ्यांदा पाठवायचं नसतं.

त्याच चित्रपटात गाडी नदी ओलांडते. ते दृश्य स्टंट वाटत नाही, म्हणून त्याची चर्चा कमी होते, पण कनटचं डोकं मला तिथे जास्त दिसतं. पाणी खोल, गाडी जड, घोडी पोहणारी. त्याने गाडीला पोकळ ओंडके बांधून तिला तरंगती केली आणि पाण्याखालून तार लावून पलीकडून ओढायची व्यवस्था केली, म्हणजे घोड्यांवर वजन येऊ नये. पडद्यावर फक्त घोडी आणि गाडी दिसते. हे काम उडी मारणाऱ्याचं राहिलेलं नाही. इथे अख्ख्या दृश्याची जबाबदारी एका माणसाने उचललेली आहे.

त्याच वर्षीच्या ‘गॉन विथ द विंड’बद्दल थोडक्यात. जळत्या अटलांटामधून घोडागाडी हाकणारा क्लार्क गेबलचा डबल कनटच होता. शिवाय पुलाजवळ नायिका स्कार्लेटवर हल्ला करणाऱ्या गुंडाची छोटी भूमिकाही त्याचीच. म्हणजे एकाच चित्रपटात नायकाचं शरीर आणि गुंडाचा चेहरा.

आता साधनांविषयी, कारण त्याचं खरं देणं तिथे आहे. घोड्यावरून पडणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रिकीब. पाय अडकला की घोडं माणसाला फरफटत नेतं आणि मागच्या टापा डोक्याजवळ येतात. कनटने एका बाजूने उघडी, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची रिकीब वापरात आणली. पाय सहज निसटतो, लांबून मात्र नेहमीचीच दिसते. गाडी उलटण्याच्या दृश्यासाठी त्याने अशी जोडणी बसवली की ठरलेल्या क्षणी घोडी गाडीपासून सुटून सरळ पळून जावीत आणि तारेच्या झटक्याने गाडी ठरलेल्या जागी उलटावी. म्हणजे जनावरंही वाचली आणि कॅमेरा कुठे लावायचा तेही कळलं. पूर्वी गाडी उलटेल तिथे उलटायची आणि सगळे देवाच्या भरवशावर उभे असायचे.

इथे एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळात धावता घोडा पाडण्यासाठी ‘रनिंग डब्ल्यू’ नावाची युक्ती होती: पुढच्या पायांना तारा बांधायच्या, दुसरं टोक जमिनीत रोवायचं, तार संपली की घोडा तोंडावर आपटायचा. १९३६ च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये या प्रकाराने अनेक घोडे मेले किंवा कायमचे मोडले. कनटही ही युक्ती वापरायचा. आपण सुमारे तीनशे वेळा ती केली आणि एकही घोडा जायबंदी झाला नाही, असं तो सांगायचा. मऊ केलेली जमीन आणि तारेचं नेमकं माप यामुळे त्याचे घोडे वाचलेही असतील. तरीही मी त्याचं समर्थन करणार नाही. घोड्याला पडायचंय हे माहीत नसतं, त्याने होकार दिलेला नसतो. ही पद्धत पुढे बंद झाली ते योग्यच झालं. आपल्याकडेही चित्रीकरणात जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. तिची कटकट वाटते असं म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही.

शरीर मात्र हिशोब ठेवत असतं. १९४० च्या ‘बूम टाउन’मध्ये गेबलसाठी काम करताना घोडा त्याच्या अंगावर पडला आणि पोटात गंभीर इजा झाली. १९४३ च्या ‘इन ओल्ड ओक्लाहोमा’मध्ये गाडीवरून पडताना दोन्ही पायांचे घोटे मोडले. वय पन्नाशीकडे. १९४५ मध्ये रिपब्लिक कंपनीसाठी ‘शेरीफ ऑफ सिमरॉन’ हा गुराखीपट त्याने दिग्दर्शित केला आणि १९४८ साली तर ‘ओक्लाहोमा बॅडलँड्स’, ‘कार्सन सिटी रेडर्स’ यांसारखे चित्रपट आणि काही मालिकापट अशी रांगच लागली.

हे चित्रपट मोठे नाहीत. वेगवान आहेत, नीटनेटके आहेत, पाठलाग स्वच्छ दिसतात, पण दोन माणसं खोलीत बसून बोलू लागली की दिग्दर्शकाचं लक्ष खिडकीबाहेरच्या घोड्याकडे आहे असं वाटतं. स्टंटमधून आलेल्या अनेक दिग्दर्शकांची ही मर्यादा असते. कनटचं शहाणपण असं की त्याने ती ओळखली असावी. कारण पन्नाशीनंतर तो जिथे खरा मोठा होता तिथे सरकला. ती जागा म्हणजे सेकंड युनिट.

मोठ्या चित्रपटात मुख्य दिग्दर्शक नटांची दृश्यं घेत असताना दुसरी तुकडी वेगळ्या ठिकाणी लढाया, पाठलाग, गर्दी चित्रित करते. तिचा स्वतंत्र दिग्दर्शक असतो. त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, पण प्रेक्षक घरी जाऊन ज्याची नक्कल करतात ते दृश्य बहुधा त्याचं असतं. कनटने १९५२ च्या ‘आयव्हन्हो’पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. पुढे ‘स्पार्टाकस’, ‘एल सिड’, ‘द फॉल ऑफ द रोमन एम्पायर’, ‘खार्टूम’, ‘व्हेअर ईगल्स डेअर’ अशी यादी आहे. पण थांबायचं ते ‘बेन-हर’पाशी.

१९५९ चा ‘बेन-हर’, दिग्दर्शक विल्यम वायलर. रथांची शर्यत वायलरने अँड्र्यू मार्टन आणि कनट यांच्याकडे सोपवली. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत सुमारे १८ एकरांचं मैदान उभारलं गेलं. घोडे युगोस्लाव्हिया आणि सिसिलीतून आणले. शर्यतीत ९ रथ, प्रत्येकाला ४ घोडे. रथ मात्र १८ बांधले, कारण निम्मे सरावासाठी होते. खऱ्या मैदानाशेजारी त्याच मापाची सरावाची धावपट्टी तयार केली. आमच्या धंद्यातला कुणीही ही शेवटची दोन वाक्यं वाचून उसासा टाकेल. सरावासाठी निम्मे रथ आणि वेगळी धावपट्टी! आमच्याकडे पुष्कळदा सकाळी सेटवर गेल्यावर कळतं की आज दुपारी कुठली उडी मारायची आहे. पैसे कमी असतात हे मान्य, पण सराव हा खर्चाचा भाग आहे हे निर्मात्याला पटवणं हेच आमचं निम्मं काम.

कनटने तिथे अनेक महिने चालक घडवले. चार्लटन हेस्टन आणि स्टीफन बॉइड यांनाही रथ हाकायला शिकवलं, म्हणून पडद्यावर नायक आणि खलनायक यांचे चेहरे धावत्या रथात स्पष्ट दिसतात. हेस्टनला काळजी वाटत होती की रथात उभं राहतानाच त्याची तारांबळ उडते, शर्यत कशी जिंकणार? कनटने त्याला समजावलं की त्याने फक्त रथात टिकून राहावं, जिंकवायची जबाबदारी आपली. ही गोष्ट हसून सांगितली जाते, पण तिच्यात कामाची वाटणी आहे: नटाने नटाचं ओझं घ्यायचं, धोक्याचं ओझं दुसरीकडे द्यायचं.

शर्यतीतला सर्वांत प्रसिद्ध क्षण म्हणजे बेन-हरचा रथ मोडून पडलेल्या रथावरून उडतो. रथात हेस्टनचा डबल होता कनटचा मुलगा, जो कनट. उडी अपेक्षेपेक्षा उंच गेली आणि तो रथाच्या पुढच्या बाजूने बाहेर फेकला गेला. त्याने पुढचा भाग पकडून ठेवला आणि परत वर चढला. हनुवटीला टाके पडले, एवढ्यावर निभावलं. तो तुकडा इतका जबरदस्त होता की ठेवायचा ठरला, आणि मग हेस्टन परत रथात चढतो असं जवळचं दृश्य घेऊन जोडलं गेलं. या शर्यतीत माणूस मेला अशी अफवा आजही फिरते. ती खोटी आहे. इतके घोडे, इतके रथ, आठवड्यांचं चित्रीकरण आणि एकही मृत्यू नाही. माझ्या दृष्टीने ‘बेन-हर’चं बारावं पारितोषिक हे आहे. अकरा ऑस्कर त्याला मिळालेच, पण त्यात स्टंटसाठी एकही नव्हतं, कारण तसा विभागच नव्हता.

१९६७ साली कनटला मानद ऑस्कर मिळालं, स्टंटमन म्हणून केलेल्या कामाबद्दल आणि स्टंट करणाऱ्यांना वाचवणारी साधनं विकसित केल्याबद्दल. या दुसऱ्या कारणाचा मला जास्त आनंद होतो. त्यानंतरही तो काम करत राहिला. सत्तरीत असताना ‘अ मॅन कॉल्ड हॉर्स’ आणि ‘रिओ लोबो’ची साहसदृश्यं त्याने सांभाळली. २४ मे १९८६ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्याचं निधन झालं. आयुष्यभर घोड्यांच्या टापांखाली गेलेला माणूस नव्वदीपर्यंत जगला, हीच त्याच्या पद्धतीची साक्ष. स्टंट डिझाइनचा स्वतंत्र ऑस्कर विभाग मात्र २०२५ साली जाहीर झाला आणि तो २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून लागू होणार आहे.

आता दुसरा भाग: आपल्याकडे हा रस्ता आहे का?

आहे, आणि नवा नाही. अमरावतीत १९१३ साली जन्मलेले भगवान आभाजी पालव, म्हणजे भगवानदादा, गिरणी कामगाराचे चिरंजीव. कुस्तीचं वेड, मूकपटांत सुरुवात, मग थोड्या पैशांतले स्टंटपट आणि १९३८ च्या ‘बहादुर किसान’पासून दिग्दर्शन. कामगार वस्तीतला प्रेक्षक त्यांच्यावर जीव टाकायचा. १९५१ चा ‘अलबेला’, सी. रामचंद्रांचं संगीत, गीता बालीसोबतचा तो नाच, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यामागे स्टंटपटांची लांब तालीम होती. त्यांच्या नाचातली लय मारामारीतून आलेली आहे असं मला नेहमी वाटतं. कमरेखाली पाय रोवलेले आणि वर फक्त खांदे-हात बोलणारे. पुढे स्वतःचा पैसा चित्रपटांत घातला आणि तो बुडाला. कनटने जोखीम शरीराची घेतली आणि तीही मोजून. दादांनी जोखीम पैशाचीही घेतली, आणि तिला मापच नसतं. वीरू देवगण स्टंट करत आले, शेकडो साहसदृश्यं बसवली आणि १९९९ मध्ये ‘हिंदुस्तान की कसम’ दिग्दर्शित केला. एम. बी. शेट्टी फाइट मास्तर होते आणि पडद्यावर टकला खलनायक म्हणून घराघरांत ओळखीचे झाले. बाहेर बघायचं तर ‘द मेट्रिक्स’मध्ये किआनू रीव्ह्जचा डबल असलेला चॅड स्टाहेल्स्की २०१४ च्या ‘जॉन विक’चा दिग्दर्शक झाला.

जो मुलगा आज स्टंट करतो आणि पुढे दिग्दर्शन करावं म्हणतो, त्याला मी एवढंच सांगेन की शॉट झाल्यावर गादीवरून उठून थेट चहाकडे जाऊ नकोस, मॉनिटरकडे जा. तुझा ठोसा कुठल्या लेन्सवर कसा दिसला ते बघ. मास्तर शॉट का तोडतात ते विचार. एडिटिंगच्या खोलीत बसायची परवानगी मिळाली तर एक दिवसाची रोजी सोडून जाऊन बस. तिथे कळतं की तू जीव धोक्यात घालून केलेल्या सात सेकंदांतले दोनच लागतात आणि ते दोन कमी धोक्यातही मिळाले असते. खर्चाचा कागद वाचायला शिक, कारण पुढे सरावाचे दिवस तुलाच मागायचे आहेत. आणि संवादाची दृश्यं बघ. कनट तिथे कमी पडला, तू पडू नकोस.

त्याआधी ‘स्टेजकोच’चा पाठलाग आणि ‘बेन-हर’ची शर्यत आवाज बंद करून बघ. पहिल्यांदा फक्त घोड्यांचे पाय, दुसऱ्यांदा फक्त कॅमेरा कुठे उभा आहे ते. तिसऱ्यांदा जोची उडी जिथे संपते आणि हेस्टनचं चढणं जिथे सुरू होतं, तो जोड शोध.